निळं धरणारी बोटं

आमच्या लॅबोरेटरीत रक्त काढायला ज्या बाई आहेत, त्यांना सगळे सुईबाई म्हणतात. तोंडावरही म्हणतात. "विणकराला विणकर म्हणतात, मला सुईबाई म्हणतात, त्यात काय," एवढंच त्यांचं त्यावरचं मत. मी त्याच खोलीत, पडद्याच्या अलीकडे, रिपोर्ट टाइप करायला बसतो. एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात पडद्यामागून माणूस ओरडल्याचा आवाज मी पाच वेळा ऐकला, आणि त्यातल्या एकाला अजून सुई टोचलेलीच नव्हती. ज्याची शीर कुठे सापडत नाही, जो तीन ठिकाणी टोचून घेऊन आलेला असतो, तो शेवटी आमच्याकडे येतो. सुईबाई त्याच्या कोपराच्या खोबणीत दोन बोटं टेकवतात, भिंतीकडे बघतात आणि म्हणतात, "आहे. लाजते आहे जरा." मग नळी भरते.

पुढचं जे सांगतो आहे, त्यातलं काही माझ्यासमोर घडलं आणि बाकीचं त्यांनीच मला सांगितलं, दुपारी पेशंट नसतात तेव्हा कापसाचे बोळे करता करता.

रक्त काढताना रबरी हातमोजे सगळेच घालतात. सुईबाई त्यांच्या आत सुती मोजे घालत. रस्त्यावर लोकरीचे, घरी भांडी घासताना कोपरापर्यंतचे. भर उन्हाळ्यातही पर्समध्ये एक जोडी असेच. नवा माणूस कधी विचारायचा, तर त्या सांगत, "आमच्या घरात बोटं निळं धरतात." आमच्या घरात सगळे उंच आहेत, असं कुणी सांगावं तसं.

निळं म्हणजे काय, ते आधी सांगतो. थंडी पडली की त्यांच्या घरातल्या काही जणांची बोटं सुजायची, आधी लाल, मग जांभळी, मग निळी. खाजायची, ठणकायची, कधी फुटायची. कुणाच्या पायाची बोटं, कुणाच्या नाकाचा शेंडा, कुणाच्या कानाच्या पाळ्या. आजोबांच्या दोन्ही पाळ्या झिजून गेल्या होत्या आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना पेरंच उरलेली नव्हती. त्यांच्या तीन मुलांपैकी थोरल्याला, म्हणजे सुईबाईंच्या वडिलांना, निळं होतं. मधल्या मुलीला होतं. तिला घरात मोठी आत्या म्हणतात. धाकट्या काकांना नव्हतं. पुढच्या पिढीत सुईबाईंच्या दादाला होतं. तो पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला, आणि हिवाळ्यात त्याच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर कधीकधी रक्ताचा ठिपका असायचा.

सुईबाई नऊ वर्षांच्या असताना एका हिवाळ्यात पाण्यात खेळून आल्या आणि त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं सुजली. आजोबांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाले, "हिलाही." एवढ्या एका शब्दावर त्यांचं आयुष्य उभं राहिलं. मोजे आले. थंड पाणी बंद झालं. खिडकीजवळची जागा गेली आणि हीटरजवळची मिळाली. त्या घरात हीटरजवळ बसायचा मान निळं धरणाऱ्यांचा. बाकीच्यांनी दाराकडे बसायचं.

पुढे गंमत अशी झाली की सुईबाईंना पुन्हा कधी निळं आलंच नाही. एकदाही नाही. घरात याचा अर्थ सरळ लावला गेला: पोरगी काळजी घेते. तिच्याकडून शिका. दादाची बोटं फुटली की वडील म्हणायचे, "बहिणीकडे बघ." दादा बघायचा. नंतर दादाला मुलगी झाली, तिचीही बोटं तिसऱ्या वर्षीच निळी पडली, आणि शिकवायचं काम सुईबाईंकडे आलं. ते त्यांनी मनापासून केलं. भाचीला त्या दर हिवाळ्याच्या तोंडाशी मोजे विणून देत आणि दर हिवाळ्याच्या शेवटी विचारत, "घातले होतेस का खरंच?"

सत्ताविसाव्या वर्षी त्यांना एक स्थळ आलं. माणूस जमिनीची मोजणी करायचा. दोनदा भेटले, बोलले, दोघांनाही बरं वाटलं. तिसऱ्या भेटीत सुईबाईंनी त्याला आजोबांच्या कानांबद्दल सांगितलं आणि म्हणाल्या, "हे पुढच्या पिढीत जातं. मला ते कुणाला द्यायचं नाही." मोजणीदार म्हणाला, "मला चालेल." त्या म्हणाल्या, "मला नाही चालणार." विषय संपला. मोजणीदाराने दीड वर्षाने दुसरीकडे लग्न केलं. पुढे त्याला मधुमेह झाला, आणि गेली अकरा वर्षं तो दर तीन महिन्यांनी आमच्याकडे रक्त द्यायला येतो. सुईबाईच काढतात. "बाही वर घ्या." "हं." "मूठ आवळा." "हं." "झालं." संभाषण एवढंच. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याचा फक्त साखरेचा आकडा टाइप करायचो.

तीन वर्षांपूर्वी भाचीच्या उजव्या तर्जनीला जखम झाली आणि ती भरेना. भाची दातांच्या कवळ्या बनवते. मेणात दात कोरायचे तर तर्जनी लागते. लग्नाला वर्ष झालं होतं. नवऱ्याने ऐकलं नाही आणि तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. सुईबाई बरोबर गेल्या, कारण दवाखान्यात घरातलं कुणी जायचं तर त्याच जायच्या.

डॉक्टर बाई तरुण होत्या आणि भरभर बोलायच्या. त्यांनी भाचीची बोटं पाहिली, भिंगातून नखांच्या कडा पाहिल्या, मग घरात आणखी कुणाला आहे, असं विचारलं. सुईबाईंनी आजोबांपासून सुरुवात केली. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि एक मोठा कागद घेतला. त्यावर पुरुषाला चौकोन नि बाईला गोल काढत गेल्या, ज्याला निळं त्याचा आतला भाग शाईने भरत गेल्या. सुईबाईंचा गोलही भरला.

"हे थंडीचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे थंडीत होतं, पण थंडीमुळे नाही. ल्युपस नावाचा आजार असतो, त्यातला हा घराण्यात चालणारा प्रकार असावा. शरीर स्वतःवरच उलटतं."

"का उलटतं?" भाचीने विचारलं.

"प्रत्येक पेशीत डीएनएचे बारीक तुकडे सांडत असतात. ते चावून संपवायला एक विकर असतं, एन्झाइम. ते कसं बनवायचं हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं त्याचं नाव ट्रेक्स-वन. तुमच्या घरात त्या लिखाणात एखादं अक्षर चुकलं असेल. मग तुकडे साठतात. शरीराला वाटतं बाहेरून विषाणू शिरला. ते लढायला उठतं, आणि समोर असता तुम्हीच."

"आणि थंडीत जास्त का?"

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "ते अजून नीट कळलेलं नाही."

सुईबाई मला म्हणाल्या की त्यांना त्या क्षणी डॉक्टर आवडल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य त्यांनी फारसं ऐकलं नव्हतं.

खात्री करायची तर घरातल्या जास्तीत जास्त लोकांचं रक्त हवं होतं. ज्यांना आहे त्यांचं आणि ज्यांना नाही त्यांचंही. "आणता येईल का सगळ्यांना?" असं डॉक्टरांनी विचारलं. सुईबाई म्हणाल्या, "त्यांना नको. रक्त आणते."

आठ जणांची यादी झाली. स्वतःचं त्यांनी स्वतःच काढलं, डाव्या हातातून, पट्टा दातात धरून. दादाचं आणि भाचीचं घरी काढलं. मोठ्या आत्या ऐंशीच्या, त्या म्हणाल्या, "आता कशाला शोधता? मी ज्याला द्यायचं त्याला देऊन बसले." मग त्यांच्या मुलाने हात पुढे केला, तेव्हा त्यांनीही केला. जनुकाचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "ट्रकचं नाव वाटतं." नाव आवडलं नाही, पण ऐंशी वर्षं जे सोसलं त्याला काहीतरी नाव आहे, याचं त्यांना बरं वाटलं असावं. कारण त्या दिवसापासून शेजारणीला त्या "माझं ट्रेक्स" असं सांगू लागल्या.

राहिले काका आणि त्यांची दोन मुलं.

काकांशी त्या घराचं अठ्ठावीस वर्षं बोलणं नव्हतं. कारण दादाच्या लग्नात घडलं होतं. दादाच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. पाहुण्यांपैकी कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा काका मोठ्याने म्हणाले, "रोगबिग काही नाही. अंग चोरायची सवय. माझी बघा." आणि त्यांनी आपली दहाही बोटं सगळ्या पाहुण्यांना दाखवली, स्वच्छ, गुलाबी, नखं कापलेली. काका विजेचे मीटर तपासायचे, दिवसभर दारोदार थंडीत फिरायचे, त्यांना आपल्या बोटांचा अभिमान होता. सुईबाईंचे वडील त्यानंतर मरेपर्यंत भावाशी बोलले नाहीत.

काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. सुईबाईंनी बेल दाबली. दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण?"

"मी. थोरल्यांची मुलगी."

काका बघत राहिले. "ती रक्त काढतेस ती?"

"हो."

"कुणाचं काढायला आलीस?"

"तुमचं."

काकांनी साखळी काढली. आत बसायला एकच नीट खुर्ची होती, ती त्यांनी पुतणीला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला टेकले. सुईबाईंनी जनुकाचं सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने. काकांनी मध्ये एकदाच तोंड घातलं.

"पण मला काही झालेलं नाही."

"म्हणूनच हवं. नसलेल्यांचंही लागतं."

काका आपल्या बोटांकडे बघत होते. "हे जर जन्माचंच असेल," ते म्हणाले, "तर मी बोललो होतो ते चूक होतं."

"असं दिसतंय."

"नक्की कधी कळेल?"

"सात आठवडे."

काका म्हणाले, "थोरला गेला तेव्हा मी आलो होतो. लांब उभा होतो."

"बघितलं होतं मी."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुम्हीही नाही मारलीत."

काकांनी बाही वर केली. शीर चांगली होती. दोन नळ्या भरल्या. काकांनी कापूस दाबून धरला आणि मुलांना फोन करून बोलावून घेतलं. मुलं तासाभरात आली आणि काही न विचारता बसली, कारण त्या घरात काका सांगतील तसं करायचं असतं.

सात आठवड्यांनी डॉक्टरांनी सुईबाईंना बोलावलं. जनुकात चूक होतीच. डॉक्टर म्हणाल्या, ते विकर तीनशे चौदा मण्यांच्या माळेसारखं असतं, आणि तुमच्या घरात अठरावा मणी बदललेला आहे. एवढ्यावर सगळं. मग त्यांनी यादी वाचली. मोठ्या आत्या, त्यांचा मुलगा, दादा, भाची: यांच्यात चूक आहे. काका, त्यांची दोन मुलं आणि तुम्ही: यांच्यात नाही.

"तुम्ही म्हणजे कोण?" सुईबाईंनी विचारलं.

"तुम्ही."

"नळ्या बदलल्या असतील."

"लेबलं कुणी लावली होती?"

लेबलं सुईबाईंनीच लावली होती. आमच्या लॅबोरेटरीत नळीवरच्या लेबलाची चूक झालेली मला एकदाच आठवते, आणि ती त्या रजेवर असतानाची आहे. तरीही त्यांनी तिथेच, डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसून, पुन्हा स्वतःचं रक्त काढलं, लेबलावर दोनदा नाव लिहिलं आणि नळी डॉक्टरांच्या हातात दिली.

"नवव्या वर्षी झालं होतं मला," त्या म्हणाल्या.

"एकदाच ना? ओले हात, थंडी, लहान मूल. तशी साधी सूज कुणालाही येते. दोन आठवड्यांत जाते."

"नंतर मी काळजी घेतली."

"घेतलीत. पण नसती घेतली तरी..." डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं. डॉक्टरांचं कोवळं वय लक्षात घेता ते त्यांनी बरं केलं.

दुसरा रिपोर्टही तसाच आला. तो आला तेव्हा हिवाळा सुरू झाला होता. त्या रविवारी सकाळी सुईबाईंनी बादलीभर नळाचं पाणी भरलं, घड्याळ समोर ठेवलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत दहा मिनिटं पाण्यात धरले. हात लाल झाले, दुखले, बधिर झाले. बाहेर काढल्यावर वीस मिनिटांत जसे होते तसे झाले. मग त्यांनी त्याच पाण्यात दोन टॉवेल धुतले, पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून. बेचाळीस वर्षांत त्यांनी थंड पाण्यात धुतलेले ते पहिले टॉवेल.

सोमवारी त्या कामावर आल्या, रबरी मोजे घातले आणि सुती मोजे घातले नाहीत. बोटांना सवय नव्हती. एवढी वर्षं कापडाच्या थरातून शीर ओळखलेली, आता सगळंच फार स्पष्ट लागायला लागलं आणि नेमकं काय ते कळेना. त्या आठवड्यात पडद्यामागून पाचवा ओरडा आला. पेशंट गेल्यावर त्या माझ्या टेबलाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मी म्हणालो, "एक शीर चुकली म्हणून?" त्या म्हणाल्या, "शिरेचं नाही बोलत मी." आणि मला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

घरी काय झालं, तेही सांगितलं. दादाच्या घरी जेवायला गेल्या होत्या. नेहमीप्रमाणे हीटरजवळच्या खुर्चीत बसायला निघाल्या, तर वहिनी ताटं मांडता मांडता म्हणाल्या, "अहो, तुम्ही इकडे दाराशी बसता का? तुम्हाला काय आता." वहिनींच्या मनात काही नव्हतं. सुईबाई दाराशी बसल्या. दादा म्हणाला, "राहू दे, बस इकडेच." त्या म्हणाल्या, "नको, बरोबर आहे." दाराच्या फटीतून पाठीवर वारा येत होता. त्या म्हणाल्या, बेचाळीस वर्षं वहिनीसारखी माणसं इथे बसून जेवली, मला कधी कळलंच नाही इथे वारा येतो.

मोजणीदार त्याच्या ठरल्या महिन्यात आला. मी टाइप करत होतो आणि या वेळी कान पडद्याकडे होते, हे कबूल करतो.

"बाही वर घ्या."

"हं."

"मूठ आवळा." मग सुईबाई म्हणाल्या, "ते बोटांचं मला नव्हतं."

"काय?"

"ते घराण्याचं. तपासणी झाली. दोनदा झाली. मला नव्हतंच."

खुर्ची करकरली. "मूठ सोडू का?" मोजणीदाराने विचारलं.

"सोडा."

"मला तेव्हा असतं तरी चाललं असतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. तुम्ही म्हणाला होतात."

"मग मला आज का सांगितलंत?"

"तुम्हाला सांगायला हवं होतं असं वाटलं. कापूस दाबून धरा."

तो बाहेर आला, कापूस दाबून धरत माझ्या टेबलासमोर उभा राहिला, रिपोर्ट कधी मिळेल म्हणून विचारलं. मी म्हणालो, संध्याकाळी. तो म्हणाला, बरं. त्याच्या घरी बायको आहे, दोन मुलं आहेत, चांगलं चाललं आहे. तीन महिन्यांनी तो पुन्हा आला आणि तसाच येत राहिला. दोघं आता हवापाण्याबद्दल बोलतात.

पण त्या दिवसांत सुईबाईंना रात्री झोप लागत नव्हती, ती त्याच्यामुळे नाही. भाचीमुळे. त्या भाचीच्या कामाच्या जागी गेल्या. लहानशी खोली, भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने, प्रत्येकावर आकडा. भाची दिव्याखाली वाकून दात कोरत होती. डॉक्टरांनी तिला गोळ्या सुरू केल्या होत्या, शरीराचा तो नसता लढा शांत करणाऱ्या, आणि तर्जनीची जखम भरत आली होती.

सुईबाई स्टुलावर बसल्या. "मी तुला पंचवीस वर्षं सांगत आले," त्या म्हणाल्या, "की तू मोजे घालत नाहीस."

भाचीने हत्यार खाली ठेवलं नाही. "मी दोन-दोन घालायचे, आत्या."

"आता कळतंय."

"एक तू दिलेले आणि त्याच्यावर आईचे. शाळेत माझे हात अस्वलासारखे दिसायचे. पेन धरता यायचं नाही. आणि तरी बोटं फुटायची. मग तू यायचीस नि विचारायचीस, घातले होतेस का खरंच."

"हो."

"एकदा मी खोटंच सांगितलं, नाही घातले म्हणून. म्हणजे तुला बरं वाटेल. तुझं बरोबर निघेल."

भाचीने मेणाचा दात फुंकून साफ केला, उजेडात धरला, तिरका करून पाहिला.

"माझं चुकलं," सुईबाई म्हणाल्या. "काका बोलले तेच मी बोलले. फक्त मायेने बोलले."

"काकाआजोबा एकदाच बोलले," भाची म्हणाली.

हे लागलं. लागावं म्हणूनच ते बोललं गेलं होतं, आणि सुईबाईंनी ते लागू दिलं. त्या उठल्या नाहीत. भाचीने तो दात संपवला, दुसरा घेतला. मग म्हणाली, "तिथे खाली डबा आहे, त्यातले जबडे आकड्याप्रमाणे लावून देशील? मला वाकलं की मान दुखते." सुईबाईंनी एकेचाळीस जबडे आकड्याप्रमाणे लावले. भाचीने बघून घेतलं. चोवीस आणि पंचवीसची अदलाबदल झाली होती, ती तिने दुरुस्त केली.

काकांकडेही त्या गेल्या, रिपोर्ट सांगायला. काकांनी ऐकून घेतलं, कोट घातला आणि म्हणाले, "चल." तिथून दोघं दादाच्या घरी गेले. काका दारात उभे राहून दादाला म्हणाले, "मी लग्नात बोललो ते चूक होतं. कागदावर आलं आहे." दादा म्हणाला, "कागदाशिवाय नसतं कळलं का?" काकांनी यावर खरोखर विचार केला. "नसतं कळलं," ते म्हणाले. दादाने त्यांना आत घेतलं. अठ्ठावीस वर्षांचं भांडण संपायला चार वाक्यं लागली. सुरू व्हायलाही साधारण तेवढीच लागली होती.

भाचीचा तो हिवाळा गोळ्यांवर चांगला गेला. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा उघड्या हाताने बर्फ उचलून पाहिला आणि लगेच टाकला, कारण, ती म्हणाली, त्यात तसं काही विशेष नाही. पुढच्या वर्षी मूल हवं म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थांबवल्या. गरोदरपणातला हिवाळा वाईट गेला. थंडीचे तिन्ही महिने बोटं निळी होती. दादाने कारखान्यातून रजा काढली आणि लेकीचं मेण वितळवायचं, साचे ओतायचं काम केलं. स्वतःच्या निळ्या बोटांनी. दोघं शेजारी बसायचे आणि ज्याची बोटं त्या दिवशी बरी असतील तो बारीक काम करायचा.

वसंतात मुलगी झाली. तिच्यात तो बदललेला मणी असण्याची शक्यता निम्मी. डॉक्टरांनी सांगितलं, कधी तपासायचं ते तुम्ही ठरवा, घाई नाही, आधी कळलं तर लक्ष ठेवता येईल, एवढंच. घरात प्रत्येकाचं मत होतं. मोठ्या आत्या म्हणाल्या, बोटांचा आकार बघूनच मी सांगते. काका म्हणाले, तपासा, कागदावर आलेलं बरं. भाची म्हणाली, तपासायचंच असेल तर आत्या काढेल, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा भाचीने फोन करून बोलावलं. सुईबाई लहान मुलांची सुई, छोटी नळी, सगळं घेऊन गेल्या. खोलीत ऊन होतं. मुलगी पालथी पडून चादरीची कड तोंडात घालत होती. काका आधीच येऊन बसले होते.

सुईबाईंनी हात धुतले, सामान मांडलं, मुलीचा पाय हातात घेतला. टाच गरम होती. त्या भाचीकडे बघत थांबल्या.

भाची मुलीकडे बघत होती. "आत्या," ती म्हणाली, "राहू दे."

"नक्की?"

"कळलं की ती लगेच हीटरकडची नाही तर दाराकडची होईल. मला अजून एक वर्ष नुसती मुलगी हवी आहे."

काकांनी तोंड उघडलं. सुईबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तसं त्यांनी ते मिटलं.

"बरं," सुईबाई म्हणाल्या. सुई होती तशी कागदात गुंडाळली, नळी पिशवीत टाकली. मुलीने त्यांचं बोट धरलं होतं ते सोडवायला जरा वेळ लागला. मग त्या निघाल्या, कारण दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा रक्त द्यायला सकाळपासून उपाशीपोटी त्यांची वाट बघत बसले होते.